धरून की सोडून

स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला की शाळेनं काय दिलं त्यावर लिहा. मी १९७६ साली पाचवीत आलो आणि १९८२ साली दहावी होऊन बाहेर पडलो. इंग्रजी शेवटपर्यंत कच्चं राहिलं, खेळात नाव नव्हतं, बक्षीस समारंभात मी सतरंज्या अंथरायला असायचो. वर्गांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहितोय ते पटांगणाच्या कडेच्या कुंपणातल्या भगदाडाबद्दल. ते चेंडू आणायला पाडलेलं होतं आणि पलीकडं काळ्या दगडांचं, मंगलोरी कौलांचं चर्च होतं. त्या भगदाडातून मी जवळजवळ चार वर्षं तबला वाजवायला जात होतो.

आमचं घर माळकरी. आजोबांची आषाढीची वारी कधी चुकली नाही. नेवाशाचा पैसाचा खांब, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात. घरात पखवाज होता आणि माझा हात त्यावर लहानपणीच बसलेला. सातवीत असताना चर्चच्या तबलजीला वीज मंडळात नोकरी लागली आणि तो नाशिकला गेला. आपले गणिताचे सर चर्चच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या सभासदांच्या संस्थेचे, सेक्रेटरी होते. बाकावर ठेका धरतो म्हणून त्यांनीच मला दोन छड्या दिल्या होत्या. आता तेच म्हणाले, "शनिवारी सहाला सरावाला ये. घरी विचारून ये."

आजोबांनी विचारलं, "काय म्हणत्यात तिथं?"

"अभंग म्हणतात."

"कुणाचे?"

"टिळकांचे."

आजोबा खूश झाले. लोकमान्यांनी अभंगही लिहिलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण एवढ्या मोठ्या माणसाबद्दल शंका कशी घ्यायची? हे टिळक म्हणजे नारायण वामन, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढं नगरला, काही काळ राहुरीला राहिलेले कवी, हा उलगडा मी बऱ्याच दिवसांनी केला. तोवर आजोबा रुळले होते. "चाल कंची धरली आज?" एवढंच विचारायचे.

शनिवारचा सराव हा माझा आठवड्यातला सगळ्यात आवडता तास. दुपारी तरुण संघाची पोरं चर्च झाडून, पाणी शिंपडून जात. ओल्या शहाबादी फरशीचा वास असायचा. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गीतांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून पाठवत, मग पेटीवाले मास्तर 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडत. त्यात दोन घराणी. देशी चालीची पदं, अभंग, साक्या, दिंड्या आली की हातपेटी, झांजा आणि मी. इंग्रजी चालीचं गीत आलं की एक निवृत्त बाई पायपेटीवर बसत आणि मी हात मांडीवर ठेवून गप्प. एकदा माझ्या लक्षात आलं की त्यातलं एक गीत तीन-तीनच्या वजनाचं आहे. मी हळूच दादरा सुरू केला. बसतही होता! बाईंनी पाय थांबवले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "बाळ, लग्नाची वरात नाही निघालेली." पुढं शेवटपर्यंत मी त्या गीताला हात लावला नाही. पण खरं सांगू का, तो दादरा बरोबर होता.

रविवारी तीन घंटा व्हायच्या. पहिलीला लोक आंघोळीला पळायचे, दुसरीला बायका पोरांच्या वेण्या घालायच्या, तिसरीला पाळकसाहेब उभे. त्याआधी आठला मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे बायबलचा वर्ग, झालेली असायची. चपला दाराबाहेर, पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. भिंतीवर एक फळा असायचा. त्यावर गणिताच्या सरांच्या अक्षरात तीन ओळी:

गीत क्र. असे असे.
मागील रविवारची हजेरी ८४.
मागील रविवारचं दान ३७ रु. ६० पै.

देवाच्या दारात पैशाचा आकडा फळ्यावर? आमच्या मंदिरात दानपेटी होती, तिची किल्ली कुणाकडं असते हेही कुणाला नीट माहीत नव्हतं. इथं उपासना संपली की टेबलावर थैली उलटी व्हायची. पाच पैशांचे ढीग, दहा पैशांचे ढीग, चुरगळलेल्या नोटा. दोन जणांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की वहीत दोघांच्या सह्या. काही बायका रोज भाकरीचं पीठ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, तो डबा आणत. ते पीठही तोलून विकलं जायचं आणि त्याची रक्कम वेगळ्या रकान्यात पडायची. सरांना रकान्यांची सरमिसळ खपत नसे, ना वहीत, ना वर्गात.

पुढं मी सहकार खात्यात लेखापरीक्षक झालो. पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ, तीस वर्षं दुसऱ्यांची दप्तरं तपासली. एका भरभक्कम संस्थेत, नाव घेत नाही, तीन दिवस मी रोकडवही मागत होतो आणि तीन दिवस मला चहा येत होता. चौथ्या दिवशी मला त्या ३७ रुपये ६० पैशांची आठवण झाली आणि चहा परत पाठवला.

हजेरी मोजायचं काम माझ्याकडं कसं आलं ते सांगायला हवं. तबल्याची जागा पुढं, कोपऱ्यात, तोंड लोकांकडं. सर म्हणाले, "तुला सगळे दिसतात. संदेश चालू असताना डोकी मोज." पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, पाऊण तासाचा, त्यामुळे वेळेची चणचण नव्हती. मी तीनतालात मोजायचो, सोळाचं एक आवर्तन, बोटांच्या पेरांवर. पहिल्याच रविवारी पाच आवर्तनं आणि चार झाली. मी सरांना ८४ सांगितलं. त्यांनी शेवटच्या बाकावरून स्वतः मोजले होते, ८३. मी पुन्हा नावं घेऊन सांगू लागलो तर म्हणाले, "स्वतःला धरलंस ना?"

"हो."

"स्वतःला सोड. हजेरी बसणाऱ्यांची. तू वाजवायला येतोस."

पेटीवाले मास्तरही वाजवायलाच येत होते आणि त्यांना धरलं जायचं. ते सभासद होते हे मला कळत होतं, तरी आठवडाभर मी रागात होतो. आता वाटतं, सरांचा नियम चोख होता. माझ्या घरच्यांनी मला वाजवायला पाठवलं होतं, सरांनी मला तेवढंच लिहिलं. दुसरा एखादा सेक्रेटरी असता तर आकडा फुगवायला माझ्यासारखी चार हिंदू पोरं आनंदानं धरली असती.

तो आकडा मी एकशे दहापर्यंत चढताना आणि चाळिशीत घसरताना पाहिला. ऊसतोड सुरू झाली की आवर्तनं कमी. कांद्याला भाव आला की रविवारच्या आठवडेबाजारामुळं कमी. नाताळला दारात उभे राहणारे धरायचे की नाही यावर पंचांमध्ये वाद. आषाढीच्या दिवसांत मी आजोबांबरोबर दिंडीत असायचो. परत आल्यावर वहीत बघायचो, तर त्या रविवारची सगळी गीतं इंग्रजी चालीची. वारीच्या तारखा पाळकसाहेब आधीच मला विचारून ठेवत.

बुधवारची प्रार्थनासभा घरोघर फिरायची. पेट्रोमॅक्स, एक सतरंजी, आणि पायपेटी उचलून नेता येत नाही म्हणून फक्त देशी चाली. म्हणजे बुधवार माझा. या सभेत प्रार्थना मोठमोठ्यानं, नावानिशी व्हायच्या. कुणाची गाय गाभण, कुणाचा मुलगा बारावीला, कुणाच्या विहिरीला पाणी लागेना. काही काका प्रार्थनेला उभे राहिले की चहावर साय धरायची. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात त्यांचंही नाव घेतलं गेलं. मी घरी सांगितलं. आजोबा डोळ्यावरच्या पट्टीखालून म्हणाले, "असू दे. दोन्हीकडून वशिला लागला तर वाईट काय?"

चुलतीला मात्र ते पटलं नव्हतं. चर्चच्या लोकांच्या वस्तीत मी चहा पितो हे कळल्यावर तिनं माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवला होता. तिचा आक्षेप येशूवर नव्हता. त्या वस्तीतले लोक बाप्तिस्म्याआधी कोण होते, यावर होता. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून, इतक्या पिढ्यांनंतरही तिला ते पाठ होतं. आणि गंमत बघा, चुलती विसरायला तयार नव्हती आणि सरकार आठवायला तयार नव्हतं. सवलतींचे फॉर्म भरताना माझ्या बाकावरचा ख्रिस्ती मित्र आणि त्याचा चुलत भाऊ, आडनाव एक, गल्ली एक. चुलत्याचं घर हिंदूच राहिलेलं. एकाला अनुसूचित जातीच्या सवलती, दुसऱ्याला नाहीत, कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला त्या यादीत धरत नाहीत. गणिताच्या सरांनी मित्राचा फॉर्म हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत दिला. सरांना बोलायला शब्द नाहीत असं मी तेवढंच एकदा पाहिलं.

शुक्रवारी महिला मंडळ. तिथं आम्हाला प्रवेश नव्हता, पण नंतर उरलेला चिवडा शाळेच्या बाजूला यायचा.

दाराबाहेर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अशी पाटी होती. नगर उत्तर भारतात कधी गेलं, असं मी भूगोलाच्या सरांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की दक्षिणेतल्या मंडळ्यांनी १९४७ मध्येच एकी करून 'साऊथ' नाव घेतलं, इकडच्यांची एकी १९७० साली नागपूरला झाली, तोवर 'नॉर्थ'च शिल्लक होतं.

आता लिलावाचं सांगतो. खरिपाचं निघालं की उपकारस्तुतीचा सण. बाजरीची कणसं, उसाची मोळी, कोंबड्या, दुधी, अंडी, कुणी शिवलेली गोधडी, सगळं वेदीपुढं मांडायचं आणि उपासनेनंतर आवारात लिलाव. पुकारायला गणिताचे सर. एरवी शब्द मोजून बोलणारा माणूस त्या दिवशी बाजारातल्या दलालासारखा सुटायचा. एक अंडं घेणारा पैसे भरून ते परत टेबलावर ठेवायचा, पुन्हा पुकारा, पुन्हा परत. एका वर्षी एका अंड्याचे अठ्ठावीस रुपये झाले आणि शेवटी घेणाऱ्याच्या हातात ते फुटलं.

मी नववीत असताना आजोबांनी आमच्या मळ्यातला लाल भोपळा पाठवला. "वाजवतोस तिथं, रिकाम्या हातानं कशाला?" पाठवला तो पाठवला, वर तो किती जातो ते बघायला स्वतः आले. फेटा, तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आवाराच्या फाटकाशी उभे. भोपळा सरांनी उचलला. दोन रुपये. अडीच. तीन. तिथं बोली अडकली. सर "तीन रुपये एक वार" म्हणाले आणि फाटकातून आवाज आला, "पाच!" कुणीतरी चेवानं सहा केले. आजोबा म्हणाले, "नऊ. आणि त्याच्या वर कुणी गेलं तर बारा." सगळं आवार हसत होतं. नऊ रुपये मोजून आजोबांनी स्वतःचाच भोपळा खांद्यावर घेतला आणि घरी आणला. आजीनं कपाळाला हात लावला. चार दिवस आम्ही नऊ रुपयांची भाजी खात होतो.

सरांनी वहीत ओळ लिहिली ती मी पाहिली: 'वारकरी बाबा, लाल भोपळा, ९ रु. रोख.' त्या रविवारी मी आजोबांना हजेरीत धरलं नव्हतं. ते फाटकाबाहेर होते.

सर आता नाहीत. गेल्या वर्षी शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीसाठी गावी आलो तेव्हा मध्ये रविवार येत होता. भगदाडाच्या जागी आता विटांची भिंत आहे, म्हणून रस्त्यानं वळसा घालून गेलो. गीतं पडद्यावर येतात. पायपेटीच्या जागी कीबोर्ड आहे आणि त्यात ठेका आतूनच येतो. त्या तीन-तीनच्या गीताला पोरानं बटण दाबलं आणि दादरासारखंच काहीतरी वाजायला लागलं, कुणीही चष्म्यावरून बघितलं नाही. मी पुरुषांच्या बाजूला, मधल्या बाकावर बसलो. संदेश वीस मिनिटांतच आटोपला, पण तेवढ्यात माझी बोटं पेरांवर फिरून झाली होती: चार आवर्तनं आणि तीन.

मागं एक मुलगी वही घेऊन उभी होती. बाहेर पडताना मी तिला म्हटलं, "आजचा आकडा बघू का?" तिनं वही पुढं केली.

६७. मला धरून.