बार्जची प्लेट, लाकडी ठोकळा आणि मधेच थांबणारा रन

मांडवीकाठच्या यार्डात बार्ज स्लिपवेवर चढवली की तिचा तळ लाकडी ठोकळ्यांवर टेकतो. दोन्ही टोकं ठोकळ्यांच्या पुढे अधांतरी राहिली तर तळाच्या प्लेटमध्ये दाब येतो. ठोकळा आहे तिथे प्लेट खाली फुगू शकत नाही, वर मोकळी असते. बकलिंग (दाबाखाली प्लेट अचानक फुगून वाकणं) आणि कॉन्टॅक्ट (प्लेट ठोकळ्याला टेकणं-सुटणं) असे एकत्र आले की रन, म्हणजे संगणकावरचं फायनाइट एलिमेंट गणित, हमखास अडकतो.

अडकला म्हणून टॉलरन्स (गणितात चालणाऱ्या चुकीची मर्यादा) ढिला करू नका. आधी हातानं गणित करा. प्लेट 6 मिमी, लाँजिट्यूडिनलमधलं (प्लेटला लांबीच्या दिशेनं जोडलेल्या पट्ट्यांमधलं) अंतर 600 मिमी, कडा साध्या टेकलेल्या, बकलिंगचा गुणांक 4: क्रिटिकल ताण, म्हणजे बकलिंग सुरू होतं तो ताण, साधारण 74 एमपीए. साध्या स्टीलचा यील्ड (कायमचं वाकायला लागण्याचा ताण) 235 एमपीए, म्हणजे बकलिंग कितीतरी आधी येणार. ठोकळ्याच्या आधारामुळे आकडा थोडा वर सरकेल. रन 70-80च्या आसपास थांबला तर बकलिंगवर संशय घ्या. 5 एमपीएलाच थांबला तर दोष कॉन्टॅक्टचा.

त्यातली नेहमीची चूक जाडीची. शेल, म्हणजे मॉडेलमधली प्लेट, जाडीच्या मध्यपृष्ठावर काढलेला असतो. ठोकळा त्यालाच टेकवला तर सुरुवातीलाच प्लेटची अर्धी जाडी, 3 मिमी, ठोकळ्यात घुसखोरी होते. ठोकळा तेवढा खाली घ्या. पहिल्या स्टेपमध्ये फक्त स्वतःचं वजन लावून कॉन्टॅक्ट बसू द्या, दाब नंतर. नोड (जाळीचे बिंदू) टेकणं-सुटणं अशी उघडझाप करत राहिले तर पेनल्टी स्टिफनेसचा (घुसखोरीला विरोध करणाऱ्या काल्पनिक स्प्रिंगच्या ताठरपणाचा) स्केल फॅक्टर 0.1 करा आणि घुसखोरी 0.06 मिमीच्या आत आहे ना ते बघा.

इम्परफेक्शन (प्लेटचा सुरुवातीचा किंचित वाकडेपणा) आयगनमोडवरून, म्हणजे लिनिअर बकलिंगच्या गणितात येणाऱ्या फुगवट्याच्या आकारावरून घ्यायचं, जाडीच्या 5 ते 10 टक्के. पण लिनिअर बकलिंगमध्ये कॉन्टॅक्टची स्थिती गोठलेली असते आणि मोडचं चिन्ह कुठलंही येऊ शकतं. ठोकळ्यावरचा फुगवटा वरच्या बाजूला आहे ना, हे चित्र काढून तपासा. तो खाली असेल तर स्केल फॅक्टर ऋण द्या, नाहीतर प्लेट सुरुवातीपासूनच लाकडात घुसलेली असेल.

रिक्स पद्धत (भार आणि विस्थापन दोन्ही एकत्र शोधत पुढे जाणारी) एरवी उत्तम, पण कॉन्टॅक्ट सुटू-लागू लागला की ती बऱ्याचदा आल्या वाटेनं परत फिरते. इथे बलाऐवजी विस्थापन लावा, पहिला इन्क्रिमेंट (टप्पा) स्टेपच्या 0.01, आणि थोडं स्टॅबिलायझेशन, म्हणजे कृत्रिम डॅम्पिंग. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये एएलएलएसडी (त्या डॅम्पिंगमध्ये गेलेली ऊर्जा) हे एएलएलआयईच्या (एकूण अंतर्गत ऊर्जेच्या) 5 टक्क्यांच्या आत हवं. तेवढ्यावर विसंबू नका: डॅम्पिंग निम्मं करून पुन्हा चालवा. कमाल भार बदलला तर तो आकडा प्लेटचा नाही, डॅम्पिंगचा आहे.

घर्षण सगळ्यात शेवटी. आधी शून्यावर रन पूर्ण होऊ द्या, मग घर्षण गुणांक 0.3 घाला आणि अनसिमेट्रिक सॉल्व्हर (घर्षणामुळे असममित होणारी समीकरणं सोडवणारा) चालू आहे याची खात्री करा.