ओळखणारी माणसं आहेत तोवर

गावाचे जुने फोटो जतन करायचं ठरलं की पहिली चौकशी स्कॅनरची होते. कुठला घ्यावा, किती डीपीआयवर (एका इंचात किती ठिपके) ठेवावा, फाइल कसली करावी. हे सगळं लागणारच आहे, पण क्रम चुकतो. नीट धुतलेला, कोरड्या जागी ठेवलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षं टिकतो. त्यातले चेहरे ओळखणारं माणूस मात्र आज नव्वदीत असतं. स्कॅन पुढच्या वर्षी केला तरी चालेल, नावं याच महिन्यात विचारून घ्या.

विचारायला जाताना मोबाइलवर फोटो दाखवू नका. थकलेल्या डोळ्यांना त्या काचेवरचे चेहरे दिसत नाहीत, आणि बोट लागलं की चित्र सरकतं. फोटोची ए-४ आकाराची प्रत काढा, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आत आकडा घाला. ‘डावीकडून तिसरा’ या पद्धतीत डावं कुणाचं, बसलेली मुलं धरायची की नाहीत, यात घोळ होतोच. आकडे असले की ‘७ म्हणजे कोण’ एवढंच विचारायचं. बोलणं ध्वनिमुद्रित करत असाल तर (परवानगी घेऊनच) सुरुवातीला फोटोचा क्रमांक मोठ्याने वाचा, आणि सांगणाऱ्याने बोट ठेवलं की तो आकडा तुम्ही उच्चारा. ‘हा बघा हा, आणि त्याच्या शेजारी तो’ असं तासभर मुद्रण झालं तर त्यातून नंतर काहीच हाती लागत नाही. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा.

पहिल्या खेपेला एकेकट्याला विचारा. घोळक्यात ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कुणी आणि कोणत्या तारखेला सांगितलं तेही लिहा. निवाडा करायची घाई नको, पुढे एखादा कागद तो करून देतो.

बायकांच्या नावांबाबत तर हट्टच धरावा. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढ्यावर नोंद थांबते आणि दोन पिढ्यांनी ती बाई इतिहासातून पुसली जाते. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं नाव, लग्नानंतर बदललं असेल तर तेही विचारा. शेवटी एक प्रश्न हमखास ठेवा: त्या दिवशी तिथे होतं पण फोटोत नाही, असं कोण? कॅमेऱ्यामागचा माणूस, चुलीपाशी असलेल्या बायका, रानात कामावर असलेले मजूर या एका प्रश्नातून पुढे येतात. फोटो ऐपत असलेल्यांचे निघत, हे गावाचं चित्र जुळवताना सतत ध्यानात ठेवावं लागतं.

आता वस्तूकडे. फोटो शक्यतो घराबाहेर नेऊ नका, स्कॅनर घेऊन घरी जा. न्यायचेच असतील तर मोजून, यादी करून, दोघांच्या सह्यांची पावती ठेवून न्या. अल्बममधला एकही फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचं अख्खं छायाचित्र घ्या. कुणी कुणाच्या शेजारी कुणाला चिकटवलं हीसुद्धा माहिती असते, आणि पान एकदा मोकळं झालं की ती परत जुळवता येत नाही.

क्रमांक साधा असू द्या: घराचे तीन आकडे, गठ्ठ्याचे दोन, फोटोचे चार. ०१४-०२-००३७ म्हणजे चौदाव्या घरच्या दुसऱ्या गठ्ठ्यातला सदतिसावा फोटो. तोच क्रमांक फाइलला, तोच वहीत, तोच पाकिटावर. फाइलच्या नावात ‘आजोबा लग्न जुना’ असलं काही घालू नका, वर्णनाची जागा वहीत आहे. फोटोच्या पाठीवर लिहायचं तर २बी किंवा ४बी पेन्सिलीने, कडेला, फोटो सपाट कडक पृष्ठभागावर पालथा ठेवून, दाब न देता. बॉलपेनचे वळ समोरच्या बाजूला उमटतात आणि शाई वरच्या फोटोला लागते. साधारण १९७० नंतरच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावरच लिहावं.

हाच कागद काळ ठरवायलाही कामी येतो. प्लॅस्टिकचा थर असलेला फोटोचा कागद साठच्या दशकाच्या शेवटी वापरात आला. त्यामुळे अशा कागदावर ‘१९३५’ लिहिलेलं असेल तर प्रसंग त्या वर्षीचा असेलही, पण हातातली प्रत खूप नंतरची आहे आणि मूळ फोटो दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकतो. तो शोधायला हवा. कागद अतिनील टॉर्चखाली निळसर-पांढरा चमकला तर तो १९५० च्या आधीचा असण्याची शक्यता फार कमी. नुसतं ‘जुना फोटो’ लिहिण्यापेक्षा ‘१९५२ ते १९६० दरम्यान’ लिहा आणि तसं का वाटतं ते पुढे लिहा. पाटीवरची अक्षरं उलटी असतील किंवा सगळ्यांच्याच सदऱ्याची बटणं भलत्या बाजूला दिसत असतील, तर निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढलेली आहे.

स्कॅनिंगचे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. छापील फोटो ६०० डीपीआय, पासपोर्टएवढे छोटे १२००, ३५ मिलिमीटर निगेटिव्ह ३००० च्या वर. निगेटिव्ह ६०० वर केली तर जेमतेम ८५० बाय ५६७ पिक्सेल मिळतात, त्यात चेहरा ओळखता येत नाही. ४ बाय ६ इंची फोटो ६०० वर २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, आणि २४ बिट रंगातली त्याची टिफ फाइल (तपशील न गाळता ठेवणारी) सुमारे २६ एमबीची. म्हणजे हजार फोटो २६ जीबीत बसतात, त्यामुळे जागा वाचवायला जेपेगवर (तपशील गाळून लहान केलेल्या फाइलवर) येण्याचं काही कारण उरत नाही. मूळ प्रत टिफ ठेवा, वाटायला जेपेग काढा. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करा, कारण तपकिरी झाक, शिक्क्याची निळी शाई, डाग हे सगळं पुरावा आहे. आपोआप उजळपणा, धार, धूळ काढणं हे सगळे पर्याय बंद. इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय चांदीच्या कणांचं चित्र असलेल्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालतच नाही, ती चांदीलाच धूळ समजते. चारी कडा दिसू द्या, आणि मागची बाजू ३०० डीपीआयवर घ्याच, अगदी कोरी दिसली तरी.

खडबडीत, जाळीदार पोताचा फोटो स्कॅनरवर ठिपक्याठिपक्यांचा येतो. तो कॅमेऱ्याने घ्यावा: तिवईवर, फोटोला समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ ८, आणि टायमर, म्हणजे हात लागून हलणार नाही. शिवलेली जाड रजिस्टरंही अशीच. ती काचेवर पालथी दाबली की शिवण तुटते. दोन उशांच्या मधल्या खळग्यात ती अर्धवट उघडी ठेवून आधी उजवी पानं, मग डावी पानं काढा.

बिघडलेल्या वस्तूंसमोर हात आवरणं सगळ्यात महत्त्वाचं. काचेला चिकटलेला फोटो ओढला की जिलेटिनचा थर, म्हणजे चित्रच, काचेवर राहतं. तो काचेसकट स्कॅन करा आणि तसाच ठेवा. गोंदाच्या पट्ट्या आणि वर पारदर्शक पापुद्रा असलेल्या अल्बमातला फोटो सुटत नसेल तर दात साफ करायचा धागा मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. नाही सुटला तर सोडून द्या. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत काढता येत नाही. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट (एक प्रकारचं प्लॅस्टिक) फिल्म कुजायला लागली आहे. तो वास इतर फिल्मलाही बिघडवतो, म्हणून डबा वेगळा करा आणि त्या निगेटिव्ह सगळ्यात आधी स्कॅन करा. १९५१ च्या आधीची, कडेला ‘नायट्रेट’ लिहिलेली किंवा चिकट, तपकिरी झालेली फिल्म ज्वालाग्राही असते. ती घरात न ठेवता जाणत्या अभिलेखागाराला विचारावं. पुरात भिजलेले फोटो ४८ तासांत बुरशी धरतात. एकमेकांना चिकटले असतील तर स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.

फोटो हाताळताना नायट्राइलचे हातमोजे, कागद हाताळताना धुतलेले कोरडे हात. सुती मोज्यांनी पानाची कड जाणवत नाही आणि जुनं पान फाटतं. साठवायला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं. पीव्हीसी नको, त्यातून आम्ल सुटतं. माळा आणि तळघर सोडून घरातल्या मधल्या खोलीतलं कपाट बरं, जिथे आर्द्रता ३० ते ५० टक्के राहील आणि ऊनपाऊस पोचणार नाही. चांदीकिड्याला जिलेटिन आणि खळ दोन्ही आवडतात, त्यामुळे कपाट दर काही महिन्यांनी उघडून बघा.

फोटोंच्या जोडीला कागद बसवले की खरी उकल होते. शाळेचा पट, संस्थांची इतिवृत्तं, मजुरीच्या वह्या, दुकानाच्या खतावण्या, जमिनीचे कागद, पत्रं. वर्गाच्या फोटोत पंचवीस मुलं आणि पटावर चाळीस नावं असतील तर उरलेली पंधरा कुठे होती, हा प्रश्न आधी कुणाला सुचलेलाही नसतो. ज्यांचा फोटो कधीच निघाला नाही त्यांचं नाव मजुरीच्या वहीत दर आठवड्याला भेटतं. मात्र याच कागदांत कर्ज, आजार, भांडणं, कोर्टकचेऱ्या असतात. हयात माणसांविषयीचं असं काही सरसकट खुलं करू नका, नोंदीत ‘मर्यादित’ असा रकाना ठेवा. फोटो घरात असला म्हणून त्याचे हक्क त्याच घराकडे असतात असंही नाही. फोटो काढणाराचा हक्क वेगळा, तेव्हा छापण्याआधी तपासावं.

फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा, म्हणजे नकळत खराब झालेली फाइल चांगल्या प्रतीवरून बदलता येते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकुंचित होते आणि तिच्यातली माहिती गळते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नोंदवहीची छापील प्रतही ठेवा, कारण संगणक उघडला नाही तरी ती वाचता येते.

आणि ज्या घरातून फोटो आला त्या घरी त्याची मोठी प्रत द्या, खाली आकड्यांसकट नावं छापून. समास रुंद ठेवा, तळाशी तारीख घाला, आणि सोबत एक पेन्सिल द्या. महिन्याभराने परत गेलात की दोन नावं खोडलेली असतात, एक नवं लिहिलेलं असतं. ती दुरुस्ती कुणी केली ते विचारून वहीत चढवायची, आणि नव्या तारखेची प्रत पुन्हा त्या घरी द्यायची.