डेप्थ फुल, तरी आवाज बुडेना

ऐन लग्नसराईत अमळनेरकडच्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला जळगावात आमच्या टेबलावर दोन ट्रेमोलो पेडल (गिटारचा आवाज ठरावीक लयीत खालीवर करणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्या) ठेवून गेला. दोन्ही एकाच सर्किटची, हाताने जोडलेली. एकाबद्दल त्याची तक्रार होती : "भाऊ, डेप्थ फुल शे, पन आवाज डुबतच नही." डेप्थ म्हणजे आवाज किती खाली न्यायचा ते. दुसऱ्यात दोष नव्हता.

आतलं सर्किट सरळ होतं. एलएम358 आयसीवर त्रिकोणी लहर, 1 ते 5 व्होल्ट. पुढे बीसी547 ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर (लहर तशीच पुढे देऊन करंट पुरवणारा), 1 किलोओहम आणि एलईडी. समोर एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होणारा भाग. गिटारचा सिग्नल 10 किलोओहममधून येतो आणि एलडीआर तो ग्राउंडकडे ओढतो. म्हणजे उजेड पडला की आवाज खाली, अंधार झाला की वर.

440 हर्ट्झचा सिग्नल दिला, स्पीड 2 हर्ट्झवर ठेवला. सीआरओवर (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) दोन्ही पेडलची शिखरं सारखी आणि दऱ्याही सारख्या. उजेडात एलडीआर 2 किलोओहमवर उतरत होता, म्हणजे सिग्नलचा सहावा हिस्सा उरतो; 15 डेसिबलच्या (डीबी) थोडी वर घट. कागदावर डेप्थ एकच, कानाला मात्र सरळ फरक. फक्त पीक-टू-पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं माप) बघत बसल्यामुळे तासभर फुकट गेला.

मग टाइमबेस 100 मिलिसेकंदावर नेला आणि दरीची खोली सोडून रुंदी मोजली. चांगल्या पेडलमध्ये आवाज निम्म्याच्या वर जेमतेम 40 टक्के वेळ राहत होता, बिघडलेल्यात सुमारे 65 टक्के. दरी तितकीच खोल, पण अरुंद. कान सर्वांत खालचा बिंदू मोजत नाही, आवाज किती वेळ खाली राहिला ते ऐकतो. मोठ्या आवाजाच्या लगेच मागे आलेली छोटी फट कानाला नीट कळत नाही, आणि मंडपातला घुमारा तीही भरून टाकतो.

लहर सारखी असताना दरी अरुंद का झाली? कोणीतरी आतला लाल एलईडी काढून पांढरा लावला होता. लाल सुमारे 1.8 व्होल्टला पेटतो, पांढरा 3 च्या आसपास. ट्रान्झिस्टरचे 0.6 धरले तर लाल 2.4 व्होल्टपासून पेटतो आणि चक्राचा 65 टक्के वेळ उजेड देतो; पांढरा 3.6 पासून, जेमतेम 35 टक्के. पांढऱ्याला करंट कमी मिळतो, पण कॅडमियम सल्फाइडचा एलडीआर हिरव्या उजेडाला सर्वांत संवेदनशील असल्यामुळे तो तितक्यातही तळ गाठतो. म्हणून फक्त खोली बघितली तर सीआरओही फसवतो.

फेंडरच्या काही जुन्या गिटार अँप्लिफायरमध्येही हेच दिसतं. (त्यावर 'व्हायब्रेटो', म्हणजे सूर डोलवणं, लिहिलेलं असतं, असतो ट्रेमोलो.) ऑसिलेटरची लहर गोलसर, पण एलडीआरसमोरचा निऑन दिवा ठरावीक व्होल्टेजपर्यंत पेटतच नाही, त्यामुळे आवाज तुकड्यातुकड्याने येतो.

लाल 5 मिमी एलईडी बसवला. पांढराच ठेवायचा असता तर लहरीची मधली पातळी 3 वरून 4.2 व्होल्टवर न्यावी लागली असती. एलईडी-एलडीआरवर काळ्या हीटश्रिंकचे (गरम केल्यावर आवळणारी नळी) दोन थर दिले आणि टोकं बंद केली. पातळ हीटश्रिंकमधून उजेड झिरपतो. झाकण उघडं ठेवून चोकवाल्या ट्यूबलाइटखाली तपासाल तर 100 हर्ट्झची गुणगुण ऐकू येईल. एलडीआरला आधीच्या उजेडाची आठवण राहते, म्हणून अंधारातला रेझिस्टन्स मोजण्याआधी तो काही वेळ झाकून ठेवावा.

दरी रुंद झाली की सरासरी आवाज पडतो. मग 'पेडल दाबलं की गिटार मागे जाते' ही पुढची तक्रार ठरलेलीच. म्हणून आउटपुट बफरमध्ये (सिग्नल बाहेर देणारा शेवटचा टप्पा) फीडबॅकच्या तारेऐवजी 47 किलोओहम आणि तिथून 4.5 व्होल्टच्या रेफरन्सला 100 किलोओहम टाकला, साधारण 3.3 डीबी परत मिळाले. स्पीड 6 हर्ट्झच्या पुढे नेला की डेप्थ अजूनही कमी होते, कारण एलडीआर अंधारात सावकाश सावरतो आणि वर चढायला वेळच उरत नाही. त्यावर या सर्किटमध्ये इलाज नाही; गिटारवाल्याला तेवढं सांगून पेडल दिलं.