बिगर नेटचं नाही का रे?

२ जुलै २०२४, मंगळवार. रात्री पावणेदहाला शटर अर्धं खाली ओढलं होतं, तरी वाकून वाकून लोक आत येतच होते. पाथर्डीत एसटी स्टँडजवळ माझं रिचार्जचं आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चौदा वर्षांत एवढी गर्दी मी दिवाळीतसुद्धा पाहिली नव्हती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. २७ जूनला जिओने दरवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेलने आणि व्होडाफोन आयडियाने. पहिल्या दोघांचे नवे दर ३ तारखेपासून, तिसऱ्याचे ४ पासून. मधल्या चार-पाच दिवसांत ज्याच्या हातात पैसे होते तो जुन्या दरात पॅक मारून मोकळा झाला. पैसे नव्हते ते शेवटच्या रात्री उसनवारी करून आले.

सगळ्यात आधी आली ती पोलीस भरतीची पोरं. खोलीवर राहून अभ्यास करतात, लेक्चर सगळी यूट्यूबवर. त्यांचा हिशोब पाठ होता: जिओचा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीचा ६६६ चा पॅक उद्या ७९९ होणार. चालू पॅक संपलेला नसला तरी नवा मारून ठेवता येतो, तो रांगेत थांबतो आणि जुना संपला की आपोआप सुरू होतो. एका पोराने असे तीन मारले. १९९८ रुपये, म्हणजे ३९९ वाचले. नोटा मोजताना हळूच म्हणाला, “युरियाचे आहेत. अण्णांना सांगू नका.” पेरण्या नुकत्याच आटोपल्या होत्या, खत टाकायचे दिवस. मी काही बोललो नाही, पण त्याच्या अण्णांना मी चांगला ओळखतो आणि तो पैसा कसा उभा राहतो तेही मला माहीत आहे.

साडेआठला लापूतला, म्हणजे आम्ही दुकानदार ज्यातून रिचार्ज मारतो त्या सिमवरचा, बॅलन्स संपला. डिस्ट्रिब्युटरचा पोरगा फोन उचलेना. तालुक्यातली सगळी दुकानं एकदमच त्याला फोन करत असणार. शेजारच्या दुकानदाराकडून पाच हजारांचा बॅलन्स घेतला, तोही तासाभरात उडाला. दहानंतर सर्व्हर अडकायला लागला. रिचार्ज मारला की ‘पेंडिंग’. ना पैसे परत, ना पॅक चालू. अकरा नंबर मी वहीत लिहून घेतले आणि रात्री एकपर्यंत फोनकडे बघत बसलो. नऊ झाले. दोन फेल होऊन पैसे तिसऱ्या दिवशी परत आले, तोवर दर वाढलेले. त्या दोघांच्या पॅकला वरचे पैसे मी घातले. त्यांनी वेळेत पैसे दिले होते, चूक त्यांची नव्हती.

बुधवारी सकाळी वेगळीच माणसं आली. आदल्या रात्री गर्दीत नव्हती ती. ज्यांना काही कळलंच नव्हतं, ती.

वरच्या वाडीचे एक काका दर २८ दिवसांनी येतात, रोज दीड जीबीवाला पॅक मारतात. त्यांनी नेहमीसारखे २४० काउंटरवर ठेवले. मी म्हणालो, “काका, २९९ झाला.” ते बघतच राहिले. “गेल्या महिन्यात २३९ होता. वरचे साठ कुणाच्या खिशात चालले?” आवाज चढला तशी बाहेरची दोन माणसंही दारात आली. मी फोन त्यांच्याकडे फिरवला, कंपनीची पॅकची यादी दाखवली, माझ्या वाट्याला शंभरामागं दोन-तीन रुपये येतात हेही सांगितलं. त्यांनी यादी वाचली, साठ रुपये काढून दिले आणि जाता जाता म्हणाले, “मी दर महिन्याला तुझ्याकडंच येतो ना? तू तरी सांगायचंस.”

हे मात्र लागलं. पोरांना मी आठवडाभर सांगत होतो, कारण ती दिवसातून दोनदा दुकानात टेकतात. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला एक फोन करावा हे मला सुचलं नाही. त्याच दुपारी पुठ्ठ्यावर जुने-नवे दर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून दारात टांगले.

५जीवाल्यांचा राग आणखी वेगळा होता. एका कंपनीत तोवर २३९ च्या पॅकवरही अनलिमिटेड ५जी चालायचं. आता ते रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकलाच राहिलं, म्हणजे ३४९ ला. माणूस म्हणे, “वाढ साठची सांगता, मला तर एकशे दहाची पडली.” हिशोब त्याचा बरोबर होता.

पोर्ट करून द्या, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलून द्या, म्हणून त्या आठवड्यात रोज दहा-बारा जण यायचे. १९०० ला मेसेज, आलेला कोड चार दिवसांच्या आत वापरायचा, आधारवर अंगठा. प्रत्येकाला मी एकच सांगायचो: आधी त्या कंपनीचं सिम असलेला कुणी शेजारी गाठा, त्याचा फोन आपल्या घरात, आपल्या रानात घेऊन फिरा, रेंज बघा, मगच या. निम्मे परत आले, निम्मे नाही. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे आकडे आले. त्या एका जुलैत बीएसएनएलचे ग्राहक २९ लाखांच्या आसपास वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे मिळून ३८ लाखांहून जास्त घटले होते. घटलेले सगळेच काही पोर्ट झालेले नव्हते. घरातलं दुसरं सिम बंद पडू देणारे किती होते, ते मी काउंटरवरून पाहत होतो. “आईचं राहू दे, माझ्यावरच लावतील लोक,” हे वाक्य त्या दिवसांत कितीदा ऐकलं.

आणि नेमकं तेव्हाच लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले होते, १ जुलैपासून. सेतू केंद्रासमोर बायकांची रांग, आणि त्या रांगेतून ओटीपीसाठी माझ्याकडे धावपळ. आधारला जोडलेलं सिम कधीचं बंद. “आधी रिचार्ज मारा, मग ओटीपी येईल.” महिन्याला पंधराशे मिळतील तेव्हा मिळतील, आज दोनशे कुठून आणायचे, हा प्रश्न तोंडावर घेऊन त्या दारात उभ्या.

गुरुवारी, ४ तारखेला, दुपारी एक आजी आल्या. हातात बटणाचा फोन, मागचं झाकण रबराने बांधलेलं. पदराची गाठ सोडून काउंटरवर नोटा ठेवल्या: शंभराची एक, पन्नासची एक, दहाच्या तीन. १७९ चा पॅक, वर एक रुपया परत. दर वेळी असंच.

“आजी, १९९ झाला.”

त्या रागावल्या नाहीत. नोटा पुन्हा मोजल्या, जणू मोजणीतच काही चुकलं असेल. मग म्हणाल्या, “त्यात काय काय हाय?”

मी सांगितलं. २८ दिवस, बोलणं अनलिमिटेड, मेसेज, दोन जीबी नेट.

“नेट ह्या डबड्यात चालतंय व्हय? बिगर नेटचं नाही का रे?”

नव्हतं. त्यांच्या सिमवर महिनाभर फोन चालू ठेवायचा तर सगळ्यात खालचा पॅक तोच, नेट घालूनच मिळणारा. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला तर बोलायचं बी नाही. नुसता फोन आला पाह्यजे. म्हातारं वारीला गेलंय, दिंडीतल्या कुणाच्या तरी फोनवरनं लावतंय संध्याकाळी. दिवेघाट चढलं का न्हाई, तेबी कळंना. परवापासून वाजलाच न्हाई.” पॅक संपून दिवस होऊन गेले होते. आधी आउटगोइंग बंद झालं होतं, आता इनकमिंगही गेलं होतं.

मला २०१८ पर्यंतचे दिवस आठवले. दहाचं कूपन खरवडून घातलं की ते महिनोन्‌महिने पुरायचं, आणि येणाऱ्या फोनला काहीच लागत नव्हतं. मग ३५ रुपयांत २८ दिवस आलं, आणि तिथून चढत चढत १९९. आजींचा फोन तोच, वापरही तोच. आलेला फोन उचलायचा आणि लाल बटण दाबून ठेवायचा.

एकोणीस रुपये कमी होते. मी म्हणालो, राहू द्या. “राहू कसं दिऊ? एकादशी झाली की देते, लिहून ठेव.” माझ्या हातून वहीत लिहून घेतल्यावरच त्या निश्चिंत झाल्या. रिचार्ज मारला, मेसेज आला, आणि खात्री म्हणून मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातात तो वाजला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. दोन-तीन रिंग तशाच होऊ दिल्या.

आषाढी १७ जुलैला झाली. पुढच्या आठवड्यात त्या आल्या, एकोणीस रुपये दिले, वर चुरमुऱ्या-बत्ताशांची पुडी ठेवली. म्हातारबा सुखरूप परत आले होते.

त्यांचा प्रश्न मी नंतर कितीतरी जणांना सांगितला, डिस्ट्रिब्युटरला, कंपनीच्या माणसाला. तो माझ्या एकट्याच्या दुकानातला प्रश्न नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि मेसेजचे पॅक ठेवायला सांगितलं, आणि जानेवारीत ते आले. मला खरंच आनंद झाला. आजींची मी वाट बघत होतो.

त्या आल्या तसं सांगितलं, “आजी, आलं बरं का बिगर नेटचं.” कितीला, त्यांनी विचारलं. पावणेपाचशेच्या आसपास, पण ८४ दिवस चालतं, तीन वेळा १९९ भरण्यापेक्षा शे-सव्वाशे रुपये वाचतात. २८ दिवसांचं त्यात नव्हतंच. मी म्हणालो, आता मारतो, तीन महिन्यांत थोडे थोडे द्या.

त्यांनी मान हलवली. “एवढी उधारी नगं. एकदम पावणेपाचशे माझ्याकडं कधीच नसत्यात.”

मग पदराची गाठ सोडली, शंभराच्या दोन नोटा ठेवल्या आणि रुपया परत घ्यायला हात पुढे केला.