साधी गाठ

दिवस बारावा, मंगळवार

काकूंनी दोन उशा आणल्या.

परवा दुपारी आणल्या आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघत बसले आहे. हातभरही नाहीत, चौकोनी, जुन्या सुती साडीच्या, आत सावरीचा कापूस. 'काखेत धर,' म्हणाल्या, 'हात टेकतो, टाके ओढत नाहीत. गाडीत बसलीस की पट्ट्याखाली घाल. मला हिच्याशिवाय वर्षभर झोप नव्हती.' एक उशी धुऊन धुऊन रंग उडालेली. दुसरी त्याच साडीची, पण कोरी. नुकती शिवलेली. एका कोपऱ्यात दोरा कापायचा राहिलाय.

काकूंना एकच लागली होती. डावीकडे.

मग दुसरी कशाला?

त्यांना, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला, माहीत आहे ते एवढंच की माझ्या छातीत गाठ होती आणि ती काढली. एक गाठ. उजवीकडे की डावीकडे, हे आम्ही घरात ठरवलंच नव्हतं. खोटं बोलायचा सराव नसला की असं होतं. सासूबाई लिफ्टमध्ये बोलून गेल्या आणि चौथ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत ते खरं झालं. त्यांना दोष देत नाही. तो दुसरा शब्द त्यांच्या तोंडून निघालाच नसता. माझ्या तरी कुठे निघतो? आईशी फोनवर 'ते ऑपरेशन', ऑफिसात 'छोटी प्रोसिजर'. डॉक्टरांसमोर इंग्रजीत सोपं जातं. रिडक्शन. जसा काही साड्यांचा सेल.

उशा खरंच कामाच्या आहेत, हे आधी लिहून ठेवते. बारा रात्री उताणी झोपतेय, पाठीला तक्क्यांचा उतार करून. कुशीवर वळायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. रात्रंदिवस तो पांढरा, पुढून हुकांचा पट्टा, सहा आठवडे. काल रात्री पहिल्यांदा दोन्ही काखांत उशा घेतल्या आणि सलग चार तास झोपले. दोन्ही काखांत. म्हणजे काकूंचा अंदाज बरोबर होता. आणि तेच तर मला खातंय.

काकू बसल्या पंधरा मिनिटं. 'रिपोर्ट आला का?' मी म्हटलं, एक-दोन दिवसांत येईल. त्या माझ्या पायावरची चादर सारखी करत म्हणाल्या, 'ते आठ दिवस मला आठवतात गं. कॅलेंडरच्या भिंतीकडे बघायचेच नाही मी.' मग हळूच, 'दगडूशेठला एकवीस मोदक बोललेय. साधी निघू दे म्हणून.'

मी काय म्हणाले असेन? 'अहो काकू, कशाला.' एवढंच.

ज्या बाईची एक बाजू सहा वर्षांपूर्वी गेली ती माझ्यासाठी नवस बोलते, आणि मी पैसे भरून, तारीख घेऊन, सुट्टी टाकून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं टाकून आलेय. हे मी तीन दिवस डोक्यात वेगवेगळ्या प्रकारे मांडून बघितलं. कसंही मांडलं तरी बरं दिसत नाही.

आता माझी बाजूही लिहिते. इथे तरी लिहू दे. सातवीत पीटीच्या तासाला आजारी पडायची सवय लागली. कॉलेजात ओढणीला तीन पिना. मग मान, मग खांदे, मग उजव्या हाताला मुंग्या. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले तर 'वजन कमी करा'. वजन केलं कमी, नऊ किलो, सगळीकडून गेलं, जिथून जायला हवं होतं तिथून नाही. दर मे महिन्यात खालची कातडी चिघळायची. पावडर, मलम, मलमलचा फडका दुमडून. पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्या, करंगळी मावेल एवढ्या. हे सगळं कुणाला दिसत होतं? दिसायचं ते वेगळंच, आणि बघणारे बघायचे. त्याबद्दल आज नको.

विमा कंपनीने दोन ओळींत निकाल लावला. एक्सक्लूजन ०८. हे कलम सगळ्यांच्याच पॉलिसीत याच क्रमांकाने असतं, हे मला तेव्हा कळलं. रूप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही. मिळेल तो अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर पुन्हा घडवायचं असेल तर, नाहीतर तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका टाळायला उपचारच लागत असतील तर. माझी मान थेट दुखते, पण तातडीने नाही. सोळा वर्षं सावकाश दुखतेय. थोडक्यात काय, सासूबाईंनी लिफ्टमध्ये मला कलमात बसवलं. शेजारपाजाऱ्यांच्या पॉलिसीतही आठवा क्रमांक असतोच. गाठ म्हटलं की डबे येतात, शिरा येतो, उशा येतात. मानदुखी म्हटलं असतं तर 'कशाला बाई उगाच' आलं असतं.

आणि इथेच रडू आलं मला, कबूल करते. की दुखायलाही आधी पात्र ठरावं लागतं. चांगलं दहा मिनिटं रडले. रडताना छाती हलते आणि टाके ओढतात, म्हणून उशा धरून रडले. काकूंच्या उशा. त्यावर जे हसू आलं त्याने टाके जास्त ओढले.

तयारीचे दिवस त्या मानाने बरे होते, यादी असायची हातात. दोन आठवडे आधी ॲस्पिरिन, ब्रुफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई बंद. रक्त पातळ होतं म्हणून लसणाच्या गोळ्याही. चाळिशी उलटलेली म्हणून आधी मॅमोग्राफी. भूलतज्ज्ञांची भेट. मग फोटो, मान वगळून. भिंतीला टेकून समोरून, तिरके, बाजूने. स्वतःचा चेहरा नसलेला फोटो बघताना मला पहिल्यांदा त्या देहाची दया आली, दुसऱ्या कुणाचा असावा तशी. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी उभं करून मार्करने रेघा आखल्या. गळ्याच्या खळगीपासून टेप लावून २१ सेंटिमीटर, तिथे एक फुली. ब्लाऊजवाल्या ताई खडूने करतात तसंच. मला म्हणावंसं वाटत होतं, अस्तर नको.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं चित्र आहे. मी चार वेळा गेले आणि चारही वेळा त्याच्याच समोरची खुर्ची मिळाली. १७९४च्या ऑक्टोबरमधल्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मधलं. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा. १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग आपल्या पुण्याजवळच्याच एका विटा पाडणाऱ्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. आधी मेणाची पातळ पत्री नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, मग ती कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारायची, आणि त्या रेघेवरून कापायचं. म्हणजे मार्कर तेव्हाही होताच. जखमेवर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, विड्यात घालतात तोच कात, चार दिवस तेवढंच; नंतर तुपात बुडवलेली फडकी. पाच-सहा दिवस उताणं निजायचं. हे वाचून मला कावसजीबद्दल फारच आपुलकी वाटली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे उभं राहून पाहिलं, त्यांची नावं त्यात आहेत. कावसजीचं नाव आहे. ज्याने केलं त्याचं नाही.

त्या वेळी मला एकच वाटलं होतं, की कावसजीला कुणी 'कशाला' असं विचारलं नसणार. त्याच्याजवळ सांगायला केवढी कहाणी होती. आठव्या कलमात तो सहज बसला असता.

पण कुणास ठाऊक. वर्षभर तसाच राहिला होता ना. कुणीतरी म्हटलंही असेल, आता सवय झालीय, आता कशाला.

'आता कशाला' हे लिहिल्यावर आठवलं. काकूच एकदा बोलल्या होत्या, जिन्यात, भाजीच्या पिशव्या खाली ठेवून दम खाताना. 'मला पण विचारलं होतं डॉक्टरांनी, पुन्हा करून देऊ का म्हणून. हे म्हणाले, आता कशाला. मी पण म्हटलं, खरंच, आता कशाला.' मग पिशव्या उचलल्या. त्यांच्या पॉलिसीत ते बसत होतं. मी तेव्हा काहीतरी 'हो ना' केलं असणार. पुढचं वाक्य आजवर मला सुचलेलं नाही.

आणि आणखी एक आठवलं. हे जास्त महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षी गच्चीवर कुरडया घालत होतो आम्ही, मी वाकले आणि गाऊन खांद्यावरून घसरला. माझे हात चिकाने बरबटलेले. काकूंनी तो वर केला. वर करताना त्यांचा अंगठा खाचेवरून गेला, आणि थांबला. दोन-तीन सेकंद. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही, आणि कुरडया चांगल्या झाल्या.

तर त्यांना माहीत आहे. मी परवापासून हेच टाळत होते. दुसरी उशी घेऊनच त्या दार वाजवत होत्या. मला बघून काही कळायच्या आधीच ती शिवून झाली होती.

पण माहीत असेल तर नवस कशाला बोलल्या? आणि माहीत नसेल तर उशी कशाला शिवली? मी हे नवऱ्याला विचारलं, तो लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, 'कापड उरलं असेल.' हेही शक्य आहे म्हणा. काकू दुधाची पिशवीसुद्धा धुऊन ठेवतात.

आज सकाळी रिपोर्ट आला. काढलेलं सगळं तपासायला जातं, ही पद्धत आहे, हे आधीच सांगितलं होतं मला. दोन वेगळे नमुने, उजवा ६१० ग्रॅम, डावा ५४०. एक किलो दीडशे. भाजीवाल्याने वर कोथिंबीर घातली असती. खाली लिहिलंय की कर्करोगाचं काही आढळलं नाही. गंमत अशी की मी पाकीट उघडताना घाबरले होते. खरोखर. बारा दिवस लोकांना गाठ सांगता सांगता मलाही ती लागली असावी. हात थरथरत होते आणि त्या अर्ध्या मिनिटात मला काकूंची कॅलेंडरची भिंत कळली, अगदी थोडी.

लगेच त्यांना फोन केला. म्हटलं, 'काकू, रिपोर्ट आला. सगळं साधं आहे.' गाठ हा शब्द मी उच्चारला नाही. हे मी वकिलासारखं ठरवून केलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पलीकडून त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'बरं झालं बाई. आता मान कशी आहे?'

मान.

मी म्हटलं, 'हलकी आहे.' खरंच हलकी आहे. भुलीतून बाहेर आले तेव्हा पहिली जाणीव दुखण्याची नव्हती, कुणीतरी पाठीवरचं दप्तर काढून घेतल्यासारखी होती. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं; आजारी माणसाने एवढं खूश असू नये असं वाटत होतं. टाक्यांची उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथे उजवीकडे अजून ओलं आहे. तिथे ताण सगळ्यात जास्त असतो, भरायला वेळ लागतोच म्हणाले. व्रण वर्षभर लाल राहतील. स्पर्श कधी परत येईल, पूर्ण येईल का, ते सही करताना वाचलं होतं, तेव्हा नुसतं वाचलं होतं. चिऊ आंघोळीनंतर हल्ली आरशासमोर खांदे पुढे ओढून उभी राहते. तिच्याशी बोलायला हवं. आज नाही.

संध्याकाळी काकूंच्या नातवाने स्टीलचा डबा आणून दिला. मंगळवारच्या गर्दीत जाऊन आल्या त्या, या वयात, रांगेत उभं राहून. अकरा मोदक. पहिला खाताना घशाशी अडकला. दुसरा अडकला नाही. तिसरा मी कुणाला न सांगता खाल्ला. नवस कशासाठी होता ते दगडूशेठ आणि काकू यांनी आपसात बघून घ्यावं, मी मधे पडत नाही.

आता डबा परत करायचाय. रिकामा देत नाहीत. सासूबाईंनी आईकडून आलेले डिंकाचे लाडू भरून ठेवलेत त्यात आणि म्हणाल्या, 'उद्या मी देऊन येते, तुला उचलायचं नाहीये ना.' मी म्हटलं, राहू दे, मी जाईन. समोरचं तर दार आहे.

मघाशी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून बघितला. ८४० ग्रॅम. दोन किलोंच्या बराच आत. म्हणजे तीही सबब नाही.