सुतळी आणि कपलिंग

जळगावात क्लासला इंग्रजी ग्रामर शिकवते मी, अकरा वर्षं झाली. बँकवाली बॅच भरगच्च, सॅटवाले, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा देणारे, जेमतेम चार, त्यातली एक भुसावळची पोरगी, वडील रेल्वेत. सॅटचं रीडिंग-रायटिंग म्हणजे 64 मिनिटांत 54 प्रश्न, त्यात दोन वाक्यांच्या सांध्यावर काय ठेवायचं हे विचारणारे प्रश्न म्हणजे फुकटचे मार्क, व्होकॅब लागत नाही की काही नाही. पालकांना मात्र व्होकॅबच्या याद्याच हव्या असतात, जाऊ द्या.

गेल्या रविवारच्या मॉकमध्ये हिने नेमके तेच घालवले.

शेजारी बसवून पेपर काढला. 'द ट्रेन वॉज लेट, वी मिस्ड द एक्झाम' अशा धाटणीचं वाक्य, ते हिने बरोबर म्हणून सोडलेलं. आणि खाली चाळीसेक शब्दांचं एक धूड, व्हिच, हू, आफ्टर सगळं कोंबलेलं पण मुख्य क्रियापद एकच, त्याच्या मधोमध सेमीकोलन ठोकलेला. म्हटलं अगं असं का, तर शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलेलं ना, लांब वाक्य दिसलं की रन-ऑन समजायचं." रन-ऑन म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नीट न जोडता एकात घुसडलेली.

वही दाखवली. तारखेसकट, लाल पेनाची चौकट करून.

सांगितलं असणार. आमचे एक सर सगळ्याला तीन सेकंदांची ट्रिक देतात, "कानाला खटकलं की चूक", पोरं टाळ्या वाजवतात, मग आपल्यालाही मोह होतो.

पुन्हा पहिल्यापासून बसलो. लांबी विसर. कॉमाच्या उजवीकडचं हाताने झाक, डावीकडचं एकटं उभं राहतं का बघ, मग उलट. दोन्ही एकटी उभी राहिली तर नुसता कॉमा पुरत नाही, फुलस्टॉप दे, सेमीकोलन दे, नाहीतर कॉमासोबत अँड, बट, सो. आणि माझी लाडकी युक्ती, फुलस्टॉप आणि सेमीकोलन एकाच जागी दोन ऑप्शनमध्ये, बाकी शब्द तेच, तर दोन्ही बाद, कारण काम एकच आणि बरोबर उत्तर तर एकच असतं ना.

"म्हणजे कॉमा सुतळी, सेमीकोलन कपलिंग," ती म्हणाली. शेवटी यार्डाजवळ वाढलेली पोरगी. पण पुढच्याच प्रश्नात हाउएव्हरला कपलिंग धरून बसली, दोन्हीकडे कॉमा लावून खुश. म्हटलं बाई, तो दुसऱ्या डब्यात बसलेला पॅसेंजर आहे, तो डबे नाही जोडत.

हसली, मग विचारते, "पण आमची आजी म्हणते पानी उना, पेरनी व्हयनी. ते चूक का?" म्हणजे पाऊस आला, पेरणी झाली. म्हटलं छे, आपल्याकडे चालतं, या परीक्षेत चालत नाही. तेव्हा डोक्यात आलं, हिच्या कानाला ते ट्रेनवालं वाक्य खटकणार तरी कसं?

तिने चौकटीवर काट मारली. सोमवारी बाकी तिघांच्या वह्या मागितल्या, दोघांकडे तीच चौकट. जुन्या बॅचेसच्या वह्यांत काय काय असेल देव जाणे.