म्हैस उड!

दुपारी ओट्यावरच्या पातेल्यावरनं झाकण घसरलं आणि सत्तरीच्या, चांगल्या भरभक्कम आत्याने ते बोलता बोलता गुडघ्यापाशी झेललं. शेजारी तिचा जिमवाला नातू उभा होता, तो नुसता "अगं अगं" करत राहिला.

आता सगळीकडे सांगतात की रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे काही दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ, विशी-पंचविशीत बेस्ट असतो, मग वयाबरोबर हळूहळू वाढत जातो, पुरुष सरासरीने किंचित फास्ट, आणि वजनाचं म्हणाल तर अख्खं अंग हलवायला वेळ लागेल पण बोट हलवायला कशाला लागतोय. आत्याला हे ऐकवलं तर म्हणते, अरे त्या पातेल्याचा काठ चेपलाय, झाकण रोजच पडतं. घ्या!

आमचा मामा सुट्टीत शंभराची नोट उभी धरायचा, आपण बोटांची चिमटी तिच्या मध्यावर उघडी ठेवायची, तो सोडणार, "पकडलीस तर तुझी". सगळी भावंडं रांगेने हरायचो. पुढे कधीतरी हिशोब केला, अर्धी नोट म्हणजे सात-आठ सेंटिमीटर, तेवढं पडायला लागतात ०.१२ ते ०.१३ सेकंद, आणि डोळ्याने बघून बोटं मिटायला चांगल्या तरण्या पोरालाही ०.२ च्या आसपास हवेत. म्हणजे मामाच्या पैशाला कधी धोकाच नव्हता, आणि वर तोंड करून "चपळाई वाढवा" म्हणायचा!

त्यापेक्षा चिमणी उड बरं. तिथे आजी बोट उचलायची ते सगळ्यांच्या मागून, अगदी सावकाश, पण "म्हैस उड"ला तिचं बोट जमिनीवरनं हललेलं मी तरी पाहिलं नाही. चपळ मंडळी पहिल्या म्हशीलाच बाद.

आणि एवढ्याशा उशिरापायी कुणाची नोकरीही जाते. ग्रीनिचच्या वेधशाळेत मॅस्केलिनसाहेबांनी १७९६ मध्ये किनेब्रूक नावाच्या असिस्टंटला काढून टाकलं, का तर दुर्बिणीतली रेघ तारा कधी ओलांडतो त्याची त्याने टिपलेली वेळ साहेबांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने मागे असायची. साहेबांची बरोबर हे धरूनच चालायचं. पुढे बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की असा फरक दोन चांगल्या निरीक्षकांतही पडतोच, कुणाची चूक वगैरे नसते. पण तोवर किनेब्रूक वारूनच वीसेक वर्षं झाली होती.